फटफटी आऱ्याची वाटणी

लकडगंजात नत्थूजीच्या टालीवर, म्हणजे लाकडाच्या वखारीवर, त्याच्या बायकोचा, कौसल्याबाईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. नत्थूजी हयात होता तेव्हाही तसंच होतं, फक्त तेव्हा तो शब्द नत्थूजीच्या तोंडून बाहेर पडायचा. तो गेला आणि मधला माणूस गेला, एवढंच. हमाल, गाडीवान, लाकूड चिरणारे, सारे तिला बाई म्हणत आणि ती समोर आली की पेटलेली बिडी तळहातात लपवत. शाळा तिनं पाहिली होती ती मागच्या भिंतीकडून, गोवऱ्या थापता थापता. पण आपल्याला काही कळत नाही असं तिनं उभ्या जन्मात कोणाला म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच पडली नव्हती. घरातल्या भांडणाला तिचा निवाडा आणि सोयरिकीला तिची मान हलली की काम झालं.

निवडणूक होऊन आणीबाणी उठली होती, तो उन्हाळा. चौकाचौकात लोक पुन्हा मोठ्यानं बोलायला लागले होते. टालीच्या छपरीत मात्र कोणी बोलत नव्हतं. बाईचा धाकटा मुलगा श्रीधर पोत्यावर इंजिनाचे तुकडे मांडून बसला होता आणि बाई खाटेवरून त्याच्या पाठीकडं पाहत होती. दुपार तापली होती. श्रीधरनं एक तुकडा उचलला, पुसला, दुसऱ्याला लावून पाहिला, परत ठेवला. सकाळपासून तेच चाललं होतं.

ते इंजिन होतं फटफटी आऱ्याचं. हातात धरून चालवायचा, पेट्रोलवरचा आरा. पुढं लांब जीभ आणि त्या जिभेवर फिरणारी दातेरी साखळी. दोरी ओढली की फटफटीसारखा आवाज करतो, म्हणून लकडगंजात त्याचं नाव तेच पडलं. नत्थूजीनं जंगल खात्याच्या लिलावात असे दोन आरे घेतले होते. दोन्ही परदेशचे, एकाच कंपनीचे, रंगही एकच. मोठा रुपराव एक उचलायचा, धाकटा श्रीधर दुसरा. करवतीवाल्यांच्या जोडीला जे झाड पाडायला दिवस लागायचा ते ही पोरं चहा थंड व्हायच्या आत आडवं करायची. फरक एवढाच, की रुपरावाचा आरा पहिल्या ओढीला बोलायचा आणि श्रीधरचा आधी रुसायचा.

नत्थूजीचं वर्षश्राद्ध झालं आणि भाऊ वेगळे निघाले. टाल श्रीधरला. काटोलकडचा जमिनीचा तुकडा रुपरावाला, कारण त्याची सासुरवाडी तिकडंच. भांडी, बैल, पेट्या, सगळं सुरळीत वाटलं गेलं. गाडं अडलं ते आऱ्यांपाशी. रुपराव म्हणे, जो मी वापरला तो माझा. श्रीधर म्हणे, चांगला तेवढा तुझा आणि रुसका माझ्या गळ्यात का? आवाज चढले. पंच म्हणून बोलावलेले शेजारचे भैयाजी पानाला चुना लावत बसले होते. त्यांना निवाडा करायचा नव्हता, जेवायचं होतं.

तेव्हा कौसल्याबाई उठली. तिच्या घरात कमीजास्त कोणाच्या पानात कधी पडलं नव्हतं. दोन आंबे आले, एक गोड नि एक आंबट, तर एक ह्याला नि एक त्याला असं ती करत नसे. दोन्ही चिरायची, दोघांना दोन्हीतलं अर्धं. लहानपणापासून पोरांनी तसंच खाल्लं होतं आणि कुरबुर कधी झाली नव्हती. तिनं तोच कायदा लावला. म्हणाली, दोन्ही इंजिनं खोला. ह्यातलं अर्धं नि त्यातलं अर्धं मिळून एक ढीग, उरलेलं मिळून दुसरा. चांगलंही निम्मं येईल नि वाईटही निम्मं येईल.

रुपराव एवढंच म्हणाला होता, “माय, मशीन हाय ते, आंबा नाही.”

“मशीन माणसानंच बनवली ना?” ती म्हणाली, “का झाडाले लागली होती? एकच कंपनी, एकच रंग. ह्याचा पेच त्याले बसते का नाही, सांग.”

पेच बसत होता. श्रीधरनं बसवून दाखवला. सगळे हसले, रुपरावही हसला, आणि तिथंच ते ठरलं. छपरीत पोतं अंथरून दोघा भावांनी दोन्ही इंजिनं उकलली आणि बाईनं स्वतःच्या हातानं ढीग लावले. ह्याचा पिस्टन इकडं, त्याचा सिलिंडर तिकडं. इंजिनाच्या खोळीचे दोन अर्धे भाग असतात, मधोमध जोडलेले, वाटाण्याच्या शेंगेसारखे. तिनं दोन्ही खोळींची एकेक फाक एका ढिगात टाकली, एकेक दुसऱ्यात. भैयाजी म्हणाले, असा न्याय विक्रमादित्यालाही सुचला नसता. मग ते जेवायला बसले.

रुपराव आपला ढीग पोत्यात बांधून काटोलला गेला. जाताना मायलेकांची बोलाचाली झाली, कशावरून ते आता दोघांनाही सांगता आलं नसतं. पण बाईच्या तोंडून शब्द निघून गेला, की तू बोलावल्याशिवाय तुझा उंबरा चढणार नाही. रुपरावानं बोलावलं नाही. कदाचित त्याला वाटलं असेल, आईला बोलवायचं काय असतं.

तेव्हापासून श्रीधरचं इंजिन काही बोललं नाही. त्यानं जोडलं, खोललं, पुन्हा जोडलं. दोरी ओढावी तर दोरीच जागची हलेना. मग त्यानं नाद सोडला, करवतीवाल्यांवर टाल चालवली आणि टाल हळूहळू बसत गेली.

अशात गोपाळरावांचं काम निघालं. काटोल रस्त्यावरचे बागाईतदार. त्यांची संत्र्याची जुनी बाग वाळत चालली होती. ती सगळी साफ करायची होती, धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, मोठ्या चिंचा नि बाभळींसकट. आणि मृग लागायच्या आत, म्हणजे नवी कलमं पावसावर लावता येतील. गोपाळरावांनी जुन्या ओळखीनं आधी श्रीधरला विचारलं, पण साफ सांगितलं, की आरा चालू असेल तर ये, हातकरवतीनं माझं भागणार नाही. दुसरीकडं श्रीधरच्या सासऱ्यानं चांद्याकडच्या एका लाकूड आगारात मुकादमाची जागा बघून ठेवली होती. तिथं श्रीधरनं अजून उत्तर कळवलं नव्हतं.

म्हणून तो पुन्हा ते तुकडे मांडून बसला होता. रात्री त्यानं आईला जेवताना सांगितलं. आरा चालू झाला तर बाग घेतो आणि इथंच राहतो. नाही झाला तर बायकोला, पुष्पलताला, घेऊन चांद्याला जातो, टाल विकून टाकू, तूही चल. रागानं म्हणाला असता तर बाईनं रागानं उत्तर दिलं असतं. तो शांत होता. भाकरीचा तुकडा मोडत, वरणात बुडवत, हवापाण्याचं सांगावं तसं त्यानं सांगितलं आणि बाई मनात म्हणाली, चांद्याला जाऊन सुनेच्या माहेरच्या माणसांत, कोणाच्या तरी क्वार्टरच्या ओट्यावर निवडटिपण करत बसायचं? ह्या टालीच्या बाहेर तिला कोण ओळखत होतं? ती म्हणाली, इंजिन चालू होईल. जणू इंजिनानंही तिचं ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सीताबर्डीहून बाबाराव मिस्त्री आला. व्हरायटी चौकाच्या मागच्या गल्लीत त्याचं स्कूटरचं गॅरेज. केसांना तेल, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा, आणि स्वतःविषयी बोलताना मी म्हणायचाच नाही. “बाबारावच्या हातून मुडदा बी किक मारून उठते,” असं त्यानं बसायच्या आधीच सांगून टाकलं. बाईला असला वाचाळ माणूस चालत नसे, पण गरज तिची होती. तिनं त्याला पाट दिला.

बाबारावनं पिस्टन उचलला आणि सिलिंडरमध्ये सोडला. पिस्टन आत गेला तो खडखडत, रिकाम्या मडक्यात गोटी पडावी तसा.

“हा ह्या घरचा नाही,” तो म्हणाला. मग त्यानं उलगडून सांगितलं, की हा सिलिंडर कधीतरी आतून तासून मोठा केलेला आहे, त्याला जाडा पिस्टन लागतो. हा बारीक पिस्टन दुसऱ्या मशीनचा. जाडा कुठं असेल तर आणा. श्रीधर म्हणाला, तो भावाकडं आहे. बाईनं मनात म्हटलं, एवढंच ना, पिस्टनच तर आणायचा.

पण बाबाराव थांबला नाही. त्यानं खोळीचे दोन्ही भाग हातात घेतले. गॅरेजवाले खोळीला चेंबर म्हणतात. मधे इंजिनाचा फिरता दांडा बसवून त्यानं बोल्ट नुसते टेकवले आणि दांडा फिरवला. फिरला. बोल्ट आवळले. दांडा जागच्या जागी घट्ट. बोल्ट ढिले केले, दांडा पुन्हा मोकळा. असं त्यानं परत परत केलं आणि दर खेपेला त्याची बडबड थोडी कमी होत गेली. शेवटी त्यानं चेंबर बाईच्या पुढं धरला. वरच्या तोंडाशी जिथं दोन फाका जुळतात तिथं नख फिरवून पाहा म्हणाला.

बाईनं नख फिरवलं. सरसर आलेलं नख सांध्यावर अडकलं. इतकंसं, केसाएवढं. डोळ्याला दिसत नव्हतं, पण नख अडत होतं. इकडून नेलं तर अडायचं, तिकडून आणलं तर पायरी उतरल्यासारखं घसरायचं. तिला एकदम जात्याची आठवण झाली. एका जात्याचा खालचा दगड आणि दुसऱ्याचा वरचा आणून बसवला तर दळण कसं येतं, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. असं जातं एका भाडेकरणीकडं होतं आणि बाई तिला हसली होती.

बाबारावनं दोन्ही फाकांच्या आतल्या अंगाला ठोकलेले आकडे दाखवले. बाईला अक्षरं लागत नसत, पण आकडे लागत. ते एकसारखे नव्हते.

“कारखान्यात ह्या दोन फाका आधी एकत्र आवळते,” तो म्हणाला, “अन् मंग त्याच्यात भोकं पाडते. जन्माची जोडी हाय ही, बाई. दुसरीशी लागतच नाही. कोणत्या शहाण्यानं हे फोडून वाटलं?”

 श्रीधर मान खाली घालून रॉकेलमध्ये पेच धूत होता. मान वर न करता तो बोलला, “धुवाले खोललं होतं आमी दोघा भावांनी. गडबडीत अदलाबदल झाली.”

बाबाराव हसला. म्हणाला, तुम्ही भाऊ म्हणजे अजबच आहात.

शब्द बाईच्या ओठापर्यंत आला होता. तिचं तोंड उघडलंही. पण मुलानं एक सांगितल्यावर परक्या माणसासमोर दुसरं कसं सांगावं? आणि सांगितलं तर मुलगा खोटा ठरणार. तिनं तोंड मिटलं, मग पुन्हा उघडलं आणि पुष्पलताला हाक मारून मिस्त्रीसाठी चहा ठेवायला सांगितला. साखर जास्त टाक, म्हणाली. आपला आवाज नेहमीसारखाच खणखणीत निघाला ह्याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

सकाळी ऊन लागू नये म्हणून लुगड्याच्या ओच्यात कांदा बांधून, डोक्याला ओलं फडकं गुंडाळून ती काटोलच्या यष्टीत बसली. श्रीधर मी जातो म्हणत होता. तू जाऊ नको, ती म्हणाली, तुला तो नाही म्हणेल. खरं कारण तिनं स्वतःलाही सांगितलं नाही. गाडीभर तापलेला वारा आणि संत्रा मंडीच्या रिकाम्या पेट्यांचा वास. बोलावल्याशिवाय उंबरा चढणार नाही म्हटलेली बाई बिनबोलावता निघाली होती. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, मुलाकडं चाललात का. ती म्हणाली, “हो, लय बोलावून राहिला.”

रुपरावाच्या बायकोनं, प्रेमिलानं, दारातच पायांवर पाणी घातलं. आत्याबाई आल्या म्हणून धावपळ केली, पंख्याला फडकं मारलं, पन्हं दिलं. ह्या सुनेला बाईनं कधी गोड शब्द दिला नव्हता आणि आजही सुचला नाही. रुपराव गोठ्याकडून आला. आई दिसताच त्यानं आधी तिच्या मागं पाहिलं, सोबत कोणी आहे का. मग पाया पडला.

बाईला मागायची सवय नव्हती. तिनं हुकूम केला. म्हणाली, “श्रीधरच्या इंजिनाची अर्धी फाक तुह्याजवळ हाय. जाडा पिस्टन बी. सगळं पोतं काढ.”

रुपराव आत गेला. मग माळ्यावरून पोतं काढून त्यानं अंगणात उलटं केलं. त्याच्याकडच्या दोन फाका त्यानं वेगळ्या करून आईपुढं धरल्या. बाहेरून मळक्या होत्या, पण आतून आणि सांध्याच्या कडेला नवीन धातू चकाकत होता, नुकतीच धार लावलेल्या विळ्यासारखा. बाईला काही विचारावं लागलं नाही.

त्यानं सांगितलं ते थोडक्यात. दिवाळीनंतर त्यालाही काम मिळालं होतं. इंजिन फिरेना, म्हणून गावातल्या लेथवाल्याकडं नेलं. त्यानं सिलिंडर जाड्या पिस्टनपुरता आतून तासला, दांड्याचं भोक तासून मोठं केलं, पत्र्याची चीप घालून दांडा बसवला, वरचं तोंड घासून सपाट केलं. आरा थोडा चालला, मग जाम झाला. काम गेलं. आता मंडीत दुसऱ्याच्या पेट्या मोजतो.

बाईला हिशेब कळायला वेळ लागला नाही. त्या दोन फाका दोन वेगळ्या मशीनच्या होत्या आणि त्या दोन्ही तासल्या गेल्या होत्या. म्हणजे श्रीधरकडच्या दोन्ही फाकांच्या जोडीदारणी बिघडल्या होत्या. आता कोणतीही जोडी लावा, तिच्यात एक फाक धड आणि एक तासलेली.

“मले काहून नाही कळवलं?” तिनं विचारलं.

रुपरावानं खांदे उडवले. प्रेमिलाच बोलली, बिचारी, तिला वाटलं ह्यात नवऱ्याची बाजू सावरली जाईल. “लेथवाला विचारत होता वं आत्याबाई, अशी कशी जोडली म्हणून. तर ह्यांनी सांगितलं, बाबांनी लिलावातून अशीच आणली होती.”

म्हणजे एकानं स्वतःवर घेतलं होतं आणि दुसऱ्यानं मेलेल्या बापावर ढकललं होतं. आईचं नाव दोघांनीही घेतलं नव्हतं. नत्थूजीनं ती मशीन लिलावातून किती पारखून आणली होती, कानाला लावून कशी ऐकली होती, हे बाईनं डोळ्यांनी पाहिलं होतं.  अंगणात चारचौघं असती तर ती म्हणाली असती की नत्थूजीचं नाव घेऊ नका. पण अंगणात तिचीच माणसं होती आणि त्यांना सारं ठाऊक होतं. ठाऊक असलेल्यांना काय सांगायचं?

ती म्हणाली, “पोतं बांध. तू बी चाल संगं.”

रुपराव आला. बाईला वाटलं होतं येणार नाही.

पुढचा दिवस त्या छपरीनं पुष्कळ महिन्यांत पाहिला नव्हता तसा गेला. बाबारावनं सगळे तुकडे मांडले, आकडे जुळवून फाकांच्या खऱ्या जोड्या लावल्या आणि त्यातली कमी बिघडलेली निवडली. तासलेल्या भोकाला त्यानं पितळेची बारीक कडी बसवली, सांध्याला घट्ट लेप दिला, जाडा पिस्टन त्याच्या सिलिंडरमध्ये घातला. तो खडखडला नाही, लोण्यात बोट जावं तसा गेला. होईल का, असं बाईनं विचारलं नाही. बाबारावनंच सांगितलं, की बाबाराव वचन देत नाही, प्रयत्न करतो. एवढं साधं वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं आणि त्यानंच ती जास्त घाबरली.

पण तिची नजर इंजिनावर कमी आणि पोरांवर जास्त होती. दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. मात्र श्रीधरचा हात लांबला की रुपराव त्यात पाना ठेवायचा, नेमका तोच. रुपरावानं चेंबर धरला की श्रीधर न सांगता बोल्ट लावायचा. दुपारी पुष्पलतानं दोन ताटं वाढली तर दोघं एकाच ताटाशी बसले, हात काळे होते म्हणून, दुसरं कशाला खराब करा म्हणून. बाईनं त्या ताटात पाटवडी टाकली आणि पदर डोळ्याला लावायच्या ऐवजी सुनेवर खेकसली, की रस्सा पातळ झाला.

उन्हं कलल्यावर श्रीधरनं दोरी ओढली. दोरी आली. दांडा फिरत होता. पुन्हा ओढली, पुन्हा. मग रुपरावानं त्याच्या हातातून आरा घेतला, पायाखाली दाबला आणि कमरेतून वळून झटका दिला.

इंजिन बोललं. आधी खोकल्यासारखं, मग सलग. निळा धूर छपरीत भरला. हमाल धावत आले, कवडू गाडीवानानं शिट्टी मारली, बाबारावनं खिशातून कंगवा काढून केस फिरवले. श्रीधर हसत होता. त्याचा चेहरा बाईनं असा कधीपासून पाहिला नव्हता. तो भावाच्या कानाशी ओरडून काहीतरी म्हणाला आणि रुपरावानं मान हलवली. बाई खाटेवरून उठून उभी राहिली. रामटेकच्या रामाला काय नवस बोलावा हे तिच्या मनात जुळायच्या आतच आवाज बदलला.

कोणी काही केलं नव्हतं, पण इंजिन आपोआप चढायला लागलं. चढतच गेलं. फटफट गेली आणि किंकाळी राहिली. बाबाराव बंद कर, बंद कर म्हणून झेपावला. रुपरावानं बटण दाबलं. तरी ते क्षणभर ओरडत राहिलं आणि मग एका हिसक्यानं थांबलं. हमालांपैकी कोणीतरी हसलं, त्याला कळलं नव्हतं. 

गार झाल्यावर बाबारावनं सिलिंडर काढला. पिस्टनची एक बाजू सोलून निघाली होती आणि तिचा धातू आतल्या भिंतीला पापडासारखा चिकटला होता. तासलेल्या फाकेच्या सांध्यातून हवा शिरली, तो म्हणाला. हवा जास्त, पेट्रोल कमी. मग इंजिन वेड लागल्यासारखं पळतं आणि जळून मरतं. दुसऱ्या जोडीचंही तेच होणार. नवा चेंबर परदेशातून येईल तर येईल, इथं कोणाकडं नाही.

तो हात धुवायला बसला. पुष्पलता पाणी ओतत होती. साबणाचा फेस काळा होत गेला. जायच्या आधी त्यानं बाईकडं पाहिलं. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती, कळवळाच होता.

“पोरं चांगली हाय तुमची. पण मशीन धुवाले खोलली तवा घरातल्या कोणी मोठ्या माणसानं थांबवाले पाहिजे होतं. तुमी घरी होत्या ना बाई?”

“होती,” बाई म्हणाली.

त्यापुढं तिला बोलायचं होतं. पण दोन्ही मुलं एकाच वेळी पुढं झाली. एकानं मिस्त्रीची पिशवी उचलली, दुसऱ्यानं सायकल धरली, आणि त्याला बोलत बोलत रस्त्यापर्यंत घेऊन गेली. आईच्या अंगावर येणारी गाडी बाजूला वळवावी तसं.

परत आल्यावर श्रीधर म्हणाला, सकाळी निघतो. टालीचं गिऱ्हाईक भैयाजी पाहतील. तू आमच्यासोबत चल, नाहीतर दादाकडं राहा, तुझ्या मनावर. रुपराव म्हणाला, माझ्याकडं कधीही ये, माय. दोघंही अगदी मवाळ बोलत होते, देव्हाऱ्यासमोर बोलतात तसे.

“बसा,” बाई म्हणाली.

दोघं बसले.

“आता कोणी परकं नाही इथं. मले बोला.”

“काय बोलाचं माय?” श्रीधर म्हणाला.

“जे पोटात हाय ते. शिव्या द्याच्या तर शिव्या द्या.”

श्रीधर हाताच्या नखातला मळ काढत राहिला. रुपराव रस्त्याकडं पाहत होता. बाईला वाटलं, मोठा बोलेल. त्याचं काम गेलं, मंडीत मजुरी करतो, त्याच्याकडं बोलायला भरपूर आहे. वाटणीच्या दिवशी एक शब्द तोच तर बोलला होता. ती त्याच्या तोंडाकडं पाहत राहिली, भिकारीण ताटाकडं पाहते तशी.

“मशीन जुनीच होती,” रुपराव म्हणाला. “आज नाही तर उद्या गेलीच असती.”

“हो ना,” श्रीधर म्हणाला.

“तोंडात माती कोंबली काय तुमच्या?” बाईचा आवाज चढला. “मी काय देवी हाय? मले काही म्हटलं तर कोप होते काय?”

आवाज चढला तशी दोघांनीही मान खाली घातली, लहानपणी घालायचे तशी. आणि बाईला कळलं, की आता ती जितकं ओरडेल तितकी ही मुलं खाली पाहतील. ह्यांना दुसरं काही येत नाही. तिनंच शिकवलं नव्हतं.

सकाळी सायकलरिक्षा आली. दोघा भावांनी मिळून ट्रंक चढवली, वळकटी बांधली. पुष्पलता डोळे पुसत बसली होती. रुपराव त्यांना ठेसनावर सोडून तसाच काटोलच्या गाडीला जाणार होता. बाई दारात उभी होती. नेहमीसारखं तिला सांगता आलं असतं, की दोरी अशी नको, तशी बांध. ट्रंक तिरपी होती, पडेल असं दिसत होतं. ती काही बोलली नाही, आणि तिनं सांगितलं नाही म्हणून कोणी ती सरळही केली नाही.

श्रीधर पाया पडायला आला. बाईनं पाय मागं घेतले.

“राहू दे,” ती म्हणाली. “नको पडू.”

त्याला वाटलं, आई रागावली. तो आणखी खाली वाकला, उंबऱ्याच्या आत हात घालून त्यानं तिचे पाय शोधले आणि कपाळ टेकवलं. त्याच्या मागं रुपराव वाकून उभाच होता, त्याची पाळी यायची होती.